रविवारचा विज्ञान वर्ग : थोडा आपला, बराचसा आपल्या भागाचा इतिहास

स्मरणिकेच्या निमित्ताने सोसायटीचे पंचवीस वर्षांचे वार्षिक अहवाल एकत्र चाळायला मिळाले. पाण्याची टाकी, लिफ्ट, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, पार्किंगचे पट्टे यांवर पानंच्या पानं आहेत, आणि ती असायलाच हवीत. २०११ पासूनच्या अहवालांत मात्र शेवटच्या पानावर एक ओळ दरवर्षी न चुकता येते : 'लहान मुलांसाठी विज्ञान उपक्रम राबविण्यात आले.' ही ओळ म्हणजे आपला रविवारचा विज्ञान वर्ग. पहिली ते चौथीची मुलं, सकाळी दहा ते बारा, तळमजल्यावरचा हॉल, आणि शिकवायला पगारी शिक्षक कुणी नाही, आपल्यातलेच आई-बाबा, काका-काकू, आजी-आजोबा.

यंदाच्या वार्षिक सभेत या वर्गाचा विषय निघाला. ज्यांनी वर्ग सुरू केला त्यांची मुलं आता कॉलेजात गेली, काही नोकरीला लागली. येणाऱ्या मुलांची संख्या घटली आहे. रविवारी हॉल बारशा-साखरपुड्याला भाड्याने दिला तर देखभाल निधीला हातभार लागेल, असं काही सभासदांचं म्हणणं. त्यात गैर काहीच नाही. निर्णय पुढच्या सभेवर गेला आहे. तोपर्यंत 'वर्गाचा इतिहास लिहून द्या' असं संपादक मंडळाने मला सांगितलं.

मी या वर्गाच्या दुसऱ्या फळीतली पालक. लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं की, हा इतिहास २०११ पासून सुरू करून चालणार नाही. शाळेच्या बाहेर, मराठीतून, हाताने करून बघत विज्ञान शिकायचं काम आपल्या भागात शंभर वर्षांहून जास्त काळ चालू आहे. आपला वर्ग हा त्याचाच एक लहानसा तुकडा.

एकच जिल्हा होता

आपल्या सोसायटीतली निम्मी घरं मूळची सातारा, कराड, वाई, फलटणकडची. निम्मी सांगली, मिरज, तासगाव, विट्याकडची. गणपतीत दोन्हीकडून थट्टा चालते. पण मुलांना एक गोष्ट सांगितली की ती चकित होतात : आपला सांगली जिल्हा १९४९ साली जन्माला आला तो 'दक्षिण सातारा' या नावाने. 'सांगली' हे नाव त्याला १९६० साली मिळालं. त्यामुळे इतिहास सांगताना दोन्हीकडचा एकत्रच सांगावा लागतो.

सुरुवात कारखान्यापासून करू. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. पुढे बेळगावात सायकलींचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडी नांगराने जमिनीत विष उतरतं असा त्या काळी समज होता, आणि पहिले मोजके नांगर खपायलाच दोनेक वर्षं गेली. १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचा माळ दिला आणि तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. ज्या वस्तूची भीती वाटत होती, ती पुढे शेतकऱ्याच्या घरची झाली. आपल्या भागात विज्ञान आलं ते असं, औताला जुंपून.

दुसरं उदाहरण कराडजवळच्या ओगलेवाडीचं. १९१६ साली ओगले बंधूंनी तिथे काचेचा कारखाना काढला. त्यांचा 'प्रभाकर' कंदील आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने वापरला आहे. खाली हवा आत यायला भोकं का, वर काच निमुळती का, वात जास्त चढवली की काजळी का धरते, या साध्या प्रश्नांत ज्वलनाचं अर्धं रसायनशास्त्र बसतं. तिकडे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून नाताळात मुलांसाठी व्याख्यानं होत आली आहेत. मायकेल फॅरेडेने तिथे एका मेणबत्तीवर तब्बल सहा व्याख्यानं दिली होती. आमच्या वर्गात एका आजोबांनी माळ्यावरचा जुना कंदील आणून हेच केलं. फॅरेडेचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. कंदील मात्र पुरता ठाऊक होता.

मराठीतून विज्ञान

करणारे हात होते, तसेच लिहिणारेही होते. शंकर आबाजी भिसे यांचं नाव आज फारसं घेतलं जात नाही. मुंबईत जन्मलेल्या या संशोधकाने १८९० च्या दशकात 'सायंटिफिक क्लब' काढला आणि 'विविध कला प्रकाश' हे मराठी मासिक चालवलं. म्हणजे विज्ञानाचं मंडळ काढायची कल्पना आपल्याकडे आज-कालची नाही. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीतून 'किर्लोस्कर खबर' निघालं, १९२८ मध्ये पुण्यात 'सृष्टिज्ञान' सुरू झालं. २४ एप्रिल १९६६ ला मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली आणि तिचे विभाग गावोगावी निघाले. १९७१ च्या बालदिनी बालभारतीचं 'किशोर' आलं.

आणि वाई! कृष्णाकाठच्या या गावात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोशाचं काम चाललं. १९७६ साली पहिला खंड प्रसिद्ध झाला. गणित, खगोल, यंत्रशास्त्र, वनस्पती, सगळं मराठीत. आणि आता ते मोबाइलवर फुकट वाचता येतं. आमच्या वर्गात एखाद्या प्रश्नावर सगळेच अडले की, 'वाईला विचारू' असं म्हणायची पद्धतच पडली आहे. म्हणजे विश्वकोश उघडायचा.

पण हे सगळं वाचता येणाऱ्यांसाठी. सहा वर्षांचं मूल विश्वकोशाची नोंद कशी वाचणार? त्याला ती कुणीतरी वाचून, सोपी करून, शक्य तर करून दाखवावी लागते. हे 'कुणीतरी' कोण, हा खरा प्रश्न आहे.

सगळं सहावीपासून

शाळेने करावं, असं कुणीही म्हणेल. आपल्याकडच्या शाळांनी थोडंथोडकं केलेलं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला नेली. 'कमवा आणि शिका' म्हणताना त्यांनी हाताने केलेल्या कामाला शिक्षणात मानाची जागा दिली. फलटणला १९८६ मध्ये डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी कमला निंबकर बालभवन सुरू केलं. अमेरिकेत जन्मलेल्या या बाई इथल्या मातीत रुजल्या आणि मुलांनी मराठीतूनच शिकावं म्हणून आयुष्यभर झटल्या. शेजारी कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय काढलं. आणि अलीकडे सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळांनी ज्ञानरचनावादी पद्धत इतकी मनावर घेतली की, राज्यभरातून शिक्षक त्या शाळा बघायला येऊ लागले. फरशीवर काढलेल्या आकृत्या, काड्या, मणी, खडे घेऊन मुलं आपली आपण शिकताहेत, हे दृश्य बघून माणूस परत गेला की आपल्या शाळेतली बाकं हलवायचाच.

चळवळीही झाल्या. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. पुण्याच्या टेल्कोतले इंजिनिअर अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा घेऊन तिकडे गेले आणि पुढे काड्यापेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, फेकलेल्या बाटल्या यांतून शेकडो विज्ञान खेळणी त्यांनी मुलांच्या हातात दिली. १९८७ मध्ये भारत जन विज्ञान जत्था देशभर फिरला. त्याच वर्षापासून २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन झाला. १९८९ मध्ये साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली आणि 'हे कशावरून?' असं विचारायची सवय गावागावात नेली. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. साधा प्रश्न विचारण्याची किंमत कधी कधी किती मोठी असते, हे आपल्या भागाने जवळून पाहिलं आहे.

आता गंमत बघा. मुंबईची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीसाठी. केंद्र सरकारची 'इन्स्पायर' योजना सहावीपासून पुढे. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद, जी १९९३ पासून भरते, ती दहा वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी. म्हणजे 'का?' हा प्रश्न ज्या वयात दिवसातून पन्नास वेळा येतो, त्या पहिली ते चौथीच्या मुलांसाठी यात काहीच नाही. सहावीत स्पर्धेचा फॉर्म येतो तोवर पुष्कळ मुलांचे प्रश्न विचारून संपलेले असतात, किंवा मोठ्यांनी 'गप बस' म्हणून संपवलेले असतात. ही मधली पाच वर्षं पालकांच्याच हातात राहतात. आपला वर्ग नेमका याच फटीत उभा आहे.

आपला वर्ग कसा चालला

सुरुवात २०११ च्या मे महिन्यात, शून्य सावलीच्या दिवशी झाली. सूर्य वर्षातून दोनदा आपल्या बरोबर डोक्यावर येतो. सांगली-मिरजेला हा दिवस ७ मेच्या सुमारास, कराडला ८ मे, साताऱ्याला १० मे. दुसरी वेळ ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, पण तेव्हा ढग असतात, त्यामुळे मेमधलीच खरी. दुपारी बारा वाजून अठ्ठावीस मिनिटांच्या आसपास गच्चीवर उभी केलेली बाटली, बांगडी, पाइपचा तुकडा, सगळ्यांची सावली पायाखाली गडप होते. सुट्टीत घरात बसून कंटाळलेली मुलं त्या दिवशी गच्चीवर गेली आणि खाली येताना 'पुढच्या रविवारी काय?' असं विचारत आली. वर्ग सुरू झाला तो या प्रश्नाने. ठराव, समिती वगैरे सगळं मागाहून.

दोन-तीन वर्षांत यातून एक मोठा प्रयोग निघाला. साताऱ्याला आजोळ असलेली मुलं ७ मेला तिकडे असतील तर त्यांनी एक मीटरची सरळ काठी त्याच वेळी तिथे उभी करायची. सांगलीत सावली शून्य असताना साताऱ्यात ती उत्तरेकडे साधारण दीड सेंटिमीटर पडते. रस्त्याने सातारा बरंच लांब असलं, तरी दक्षिणोत्तर सरळ अंतर नव्वद किलोमीटरच्या थोडं वर आहे. एवढ्यावरून आख्ख्या पृथ्वीचा घेर काढता येतो. ग्रीक विद्वान इरॅटोस्थेनिसने बावीसशे वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये हेच केलं होतं. उत्तर चाळीस हजार किलोमीटरच्या आसपास यायला हवं. सावलीची कड पुसट असते, एक मिलिमीटर इकडे-तिकडे झाला की दोन-तीन हजार किलोमीटरचा फरक पडतो, म्हणून आमचं उत्तर दरवर्षी वेगळं. गणित मोठ्यांनी करायचं. सावली मोजायची ती मुलांनी. 'मामाच्या अंगणातून पृथ्वी मोजली' हे वाक्य एका तिसरीतल्या मुलीच्या वहीत आहे.

पुढचे विषयही असेच आसपासचे निघाले.

हळद : सांगलीची ओळख. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदावर साबणाचं पाणी पडलं की तो लाल होतो, लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा. हळद आणि चुना मिळून कुंकू कसं होतं, हे आजींना ठाऊकच होतं. कारण काय, ते त्यांना नातवाकडून कळलं. त्यावरून हरिपूरच्या पेवांची गोष्ट निघाली. जमिनीत खोल खणलेल्या या पेवांत हळद वर्षानुवर्षं टिकते, कारण आत हवा खेळत नाही. म्हणून तर पेव उघडल्या उघडल्या माणूस आत उतरत नाही. २००५ च्या महापुरात या पेवांचं फार नुकसान झालं.

मिरजेचा तंबोरा : एका पालकांनी भोपळा तडकलेला जुना तंबोरा आणला. तार तीच, पण नुसत्या फळीवर ताणून छेडली तर आवाज किरकोळ आणि भोपळ्याला जोडली तर हॉल भरून जातो. का? मुलांनी मग तार फुग्यावर, डब्यावर, दारावर, टेबलावर टेकवून बघितली. त्या रविवारी शेजारच्या विंगमधून तक्रार आली, तेवढी सोडली तर दिवस उत्तम गेला.

पाऊस : महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि तिथून निघणारी कृष्णा जिथे येते त्या सांगलीत पाचशे-सहाशे मिलिमीटर. सरळ बाटलीचं तोंड कापून उलटं बसवलं की पर्जन्यमापक तयार. आमची बाटली गच्चीवर, एक पाहुण्यांकडे वाईला, एक आटपाडीला. तीन वह्या शेजारी ठेवल्या की सह्याद्री ढगांचं काय करतो, ते वेगळं शिकवावं लागत नाही.

आणि महापूर. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलावर कृष्णेची पातळी सत्तावन्न फुटांच्या वर गेली. इशारा पातळी चाळीस फूट, धोका पातळी पंचेचाळीस. आपल्या इमारतीत पाणी आलं नाही, पण घराघरात पूरग्रस्त नातेवाईक होते, हॉलमध्ये चुली पेटल्या होत्या. वर्ग अर्थातच बंद. पण मुलांनी आपण होऊन बातम्यांतले पातळीचे आकडे रोज जिन्याजवळच्या फळ्यावर लिहायला सुरुवात केली. पूर ओसरल्यावर पहिल्या रविवारी मोठ्यांनी गच्चीवरून एक दोर खाली सोडला आणि जमिनीपासून मोजून चाळीस, पंचेचाळीस आणि सत्तावन्न फुटांवर रंगीत कापड बांधलं. नदीच्या मोजपट्टीचा शून्य पात्रात असतो आणि आपल्या दोराचा अंगणात, हा फरक मुलांना आधी समजावला. तरीही सगळ्यात वरचं कापड पाचव्या मजल्याच्याही वर फडफडताना बघून हॉल शांत झाला. पाहुणी म्हणून राहायला आलेली एक मुलगी म्हणाली, 'आता मला कळलं आमचं घर का दिसत नव्हतं.' जुलै २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा याच मुलांनी, कोयनेतून विसर्ग किती सोडला आणि तो कराडहून सांगलीला यायला किती वेळ लागेल, याचा हिशेब घरच्यांना विचारायला लावला. घाबरणं आणि सावध असणं यातला फरक मला तेव्हा दिसला.

कोयनेवरून आठवलं. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आठवणारी मंडळी आपल्यात अजून आहेत. त्या भूकंपात सुमारे १८० माणसं दगावली. धरणाच्या जलाशयाचा आणि भूकंपाचा संबंध काय, यावर जगभर जो अभ्यास झाला त्यात कोयनेचं नाव पहिल्या काहींत येतं. आमच्या वर्गात पाटणकडच्या एका आजींनी ती पहाट सांगितली. मुलांनी प्रश्न विचारले : आधी आवाज आला की आधी हादरा? भांडी कुठल्या बाजूला पडली? आजी म्हणाल्या, 'एवढ्या वर्षांत मला हे कुणी विचारलंच नव्हतं.'

नियम थोडकेच

पहिल्या फळीने घालून दिलेले नियम आजही कपाटाच्या दारावर चिकटवलेले आहेत. मोठ्यांनी उत्तर आधी सांगायचं नाही. 'तुला काय वाटतं?' हे आधी विचारायचं. चार मुलांमागे एक मोठं माणूस, आणि प्रत्येक मुलाचा हात सामानाला लागलाच पाहिजे. सामान घरातलं किंवा भंगारातलं. बाजारातून आणायचं ते फक्त सेल, भिंग, लोहचुंबक. वहीत तीन रकाने : काय वाटलं, काय झालं, आता काय बघायचं. बक्षीस नाही, नंबर नाही, फी नाही. वॉचमनकाकांची आणि घरकामाला येणाऱ्या ताईंची मुलंही याच वर्गात, याच रांगेत. घरच्या प्लगची वीज वापरायची नाही, सेलच. काडी मोठ्यांनीच ओढायची. सूर्याकडे थेट बघायचं नाही, गॉगल लावूनसुद्धा नाही.

तुम्ही म्हणाल, यासाठी पालक सायन्सचे पदवीधर हवेत. अजिबात नाही. सर्वांत रंगलेला वर्ग घेतला तो मोटर रिवाइंडिंगचं दुकान असलेल्या एका बाबांनी. खिळ्याला तांब्याची तार गुंडाळून त्यांनी सेल जोडला आणि टाचण्या उचलून दाखवल्या. 'वेढे वाढवले तर?' या प्रश्नावर ते म्हणाले, 'तूच वाढव आणि टाचण्या मोज.' आणखी काय हवं?

मोडतं कुठे

इतक्या वर्षांच्या वह्या वाचून एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. वर्ग ज्ञान कमी पडल्यामुळे किंवा पैसे नसल्यामुळे कधीच अडला नाही. तो प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी अडला : पालकांची एक फळी बाहेर पडते आणि दुसरी अजून आलेली नसते, तिथे. मूल पाचवीत गेलं की आई-बाबांचा रविवार क्लासला, स्पर्धा परीक्षेला जातो. त्यांचं चुकतं असं नाही. पण पालकांनी चालवलेल्या कुठल्याही मंडळाचं आयुष्य असं चार-पाच वर्षांचंच असतं. २०१५ मध्ये आठ महिने वर्ग बंद होता तो यामुळे. २०२० च्या टाळेबंदीत तर दीड वर्ष गेलं आणि परत सुरू करायला जुन्यांपैकी दोघीच उरल्या.

मोठ्या योजनांचं तरी काय? होशंगाबादचा कार्यक्रम तीस वर्षं चालला आणि २००२ मध्ये सरकारने तो बंद केला. देशभरातल्या विज्ञान मंडळांची नोंदणी करणारी 'विज्ञान प्रसार' ही केंद्राची संस्था २०२३ मध्ये बंद झाली. वरून येणाऱ्या आधारावर विसंबून राहता येत नाही आणि पालकांची फळी तर बदलतच राहणार. मग टिकणारं असं काय आहे? टिकते ती सोसायटी. सभासद बदलतात, फ्लॅट विकले जातात, समित्या येतात-जातात, पण संस्था राहते.

आपला भाग सहकाराचा. साखर कारखाने, दूध संघ, सूतगिरण्या, पतसंस्था यांत आपण वाढलो. त्या सहकाराच्या मुळाशी इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या विणकरांचं १८४४ सालचं दुकान आहे. या गरीब विणकरांनी पुढे नफ्यातला अडीच टक्के हिस्सा शिक्षणासाठी बाजूला काढायचा नियम केला. त्यांच्या वाचनालयातून सभासदांना पुस्तकांबरोबर सूक्ष्मदर्शक आणि दुर्बीणसुद्धा वापरायला मिळे. आंतरराष्ट्रीय सहकारी संघाने १९९५ मध्ये सहकाराची सात तत्त्वं मांडली, त्यातलं पाचवं शिक्षण, प्रशिक्षण आणि माहिती हे आहे. मुलांचा विज्ञान वर्ग हा सोसायटीच्या कामाबाहेरचा छंद आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा इतिहास जरूर आठवावा.

कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावचं उदाहरण तर ताजं आहे. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून तिथे रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरातले टीव्ही-मोबाइल बंद होतात, मुलं अभ्यासाला बसतात. एखाद्या घराने एकट्याने हे ठरवलं असतं तर आठवडाभरही टिकलं नसतं. सगळ्या गावाने मिळून ठरवलं म्हणून टिकलं.

म्हणून पुढच्या सभेपुढे माझ्या तीन सूचना आहेत. एक, महिन्यातले दोन रविवार, सकाळी दहा ते बारा, हॉल वर्गासाठी राखीव असावा. बाकीचे दोन भाड्याने द्यावेत. दोन, कपाटाची किल्ली आणि वह्या कुणा एका पालकाच्या घरी राहू नयेत. त्या सोसायटीच्या कार्यालयात, रजिस्टरमध्ये नोंद करून ठेवाव्यात. तीन, ज्यांचं मूल पहिलीत जाणार आहे अशा दोन पालकांना आणि ज्यांची मुलं मोठी झाली आहेत अशा एका ज्येष्ठ सभासदाला दरवर्षी समितीने वर्गाची जबाबदारी द्यावी, म्हणजे एक फळी बाहेर पडताना दुसरी आधीच आत आलेली असेल. खर्च म्हणाल तर गेल्या वर्षी सेल, भिंगं आणि फेविकॉल मिळून जेवढा झाला तेवढ्यात सोसायटीच्या एका सभेचा चहाही होत नाही.

कपाटात आज एकशे चौदा वह्या आहेत. कार्यालयात कुणीही याव्यात आणि बघाव्यात. आणि यंदा ७ मेला दुपारी सव्वाबारा वाजता, हवा स्वच्छ असेल तर, गच्चीवर जरूर या. येताना एखादी सरळ उभी राहणारी वस्तू घेऊन या, आणि घरात पहिली ते चौथीचं मूल असेल तर त्यालाही. ज्यांचं साताऱ्याला कुणी आहे त्यांनी आदल्या दिवशी फोन करून तिकडे एक मीटरची काठी शोधून ठेवायला सांगा.